वहिनीचे हलके बूट

आमच्या घरात बुटांबद्दल बोलायचा मक्ता माझ्याकडे आहे. बारा वर्षं मी अमरावतीत पहाटे धावते आहे, आणि धावणाऱ्यांना जी खोड लागते ती मलाही लागली. कुणी विचारायच्या आधीच सल्ला द्यायचा. म्हणून वहिनीला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोला, शर्यतीचे बूट मीच घेऊन दिले. तिने मागितले नव्हते.

वहिनी अंजनगाव सुर्जीची, शेतकऱ्याघरची. तीन वर्षांपूर्वी मला सोबत म्हणून मैदानावर यायला लागली आणि सहा महिन्यांत मला मागे टाकून मोकळी झाली. अकोल्याला दहा किलोमीटरची शर्यत असते, ती तासाच्या आत पुरी करायची असं तिने ठरवलं. माझ्या माहितीत तिने फक्त स्वतःसाठी ठरवलेली ही पहिलीच गोष्ट. मग काय, मी दुकानात गेले, एकेक बूट तळहातावर जोखला आणि सगळ्यांत हलका उचलला. मऊ लुसलुशीत तळ, केशरी रंग. हे घालून तू उडशील, असं तिला वर सांगितलंही.

ती कसली उडतेय! तीन आठवड्यांत तिच्या नडग्यांना आतल्या बाजूने ठणका लागला. जिना उतरताना कठडा धरायला लागली. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, थोडी विश्रांती घ्या आणि आधी ते बूट बदला. शर्यतीला दोन महिने उरले होते. वहिनी म्हणाली की राहू दे, पुढच्या वर्षी पाहू. ती 'राहू दे' म्हणाली की ती गोष्ट कायमचीच राहते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी तिला ओढतच दुसऱ्या दुकानात नेलं. मालक उतारवयाचे, स्वतः धावणारे. त्यांनी आधी तिचे चालायचे जुने बूट मागितले, उलटे केले आणि टाचेची झिजलेली आतली कड दाखवली. टेकताना पाय आत कलतो आहे, म्हणाले, आणि अशा पायाला नुसता हलका बूट घातक. तळ मऊ असला की पाय आणखी आत बसतो. मी घेतलेला केशरी बूट त्यांनी फडकं पिळावं तसा पिळून दाखवला. आतल्या बाजूने टणक हवा, टाच घट्ट धरणारा हवा, तळ रुंद हवा, आणि एवढं सगळं सांभाळून मग जेवढा हलका मिळेल तेवढा घ्यायचा. मी मान डोलवत होते, जणू मला हे आधीपासून माहीत होतं. मग त्यांनी पाण्याची परात आणली, जमिनीवर जुना पेपर पसरला आणि पाय भिजवून त्यावर उभं राहायला सांगितलं. तळव्याला मध्ये कमान किती आहे ते त्यांना ठशावरून बघायचं होतं.

वहिनीने मोजे काढलेच नाहीत. मी म्हटलं, अगं ठेव की, त्यात काय एवढं? एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "तू जराशी बाहीर जाय. तुह्यासमोर मले ओला पाय टेकवता येत नाही."

मी बाहेर येऊन शेजारच्या रसवंतीपाशी उभी राहिले. आधी मला रागच आला. मग आठवलं.

वहिनी लग्न होऊन घरात आली तो दिवस. माप ओलांडून तिने कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवले आणि आईने अंथरलेल्या पांढऱ्या कापडावरून चालत आली. आमच्याकडे ते कापड फ्रेम करून भिंतीवर लावतात. वहिनीचं पाऊल पूर्णच्या पूर्ण उमटलं, मध्ये कमान नाहीच. मी तेव्हा वीस वर्षांची, वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली. उचलली जीभ लावली टाळ्याला. "अगं बाई, हे पाऊल आहे की पोळपाट?" सगळं घर हसलं. मावशीने पुस्ती जोडली की सपाट पायाची घर सपाट करते. वहिनीही हसली, असं मी इतकी वर्षं समजत होते. ते कापड कपाटात गेलं, त्याची फ्रेम कधी झाली नाही.

आणि त्या दिवसापासून वहिनी न्हाणीघराच्या दारातच पाय कोरडे करते. एकदा पुसते, पुन्हा पुसते, मग फरशीवर पाऊल टाकते. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायची की आमची वहिनी फार टापटिपीची. शाबास माझी!

घरात तो पाय सपाट आहे हे सगळ्यांत आधी मी पाहिलं, चारचौघांत मी सांगितलं, आणि त्याच पायासाठी बूट घेताना मला ते आठवलंसुद्धा नाही. माझ्या लेखी तो पाय नव्हताच. एक जमलेला विनोद होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

वहिनी खोका घेऊन बाहेर आली. करड्या रंगाचे बूट, केशरीपेक्षा थोडे जड. स्कूटीवर बसायच्या आधी मी तिला म्हटलं, माझं चुकलं. कुठलं चुकलं हे तिने विचारलं नाही.

"वीस वर्सं झाले त्याले," ती म्हणाली. "मले वाटलं, तुले आठवत असन."

"खरं सांगते, मी विसरून गेले होते."

"हो ना. हासणारा माणूस विसरूनच जाते."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

अकोल्याला तिने अठ्ठावन्न मिनिटांत शर्यत पुरी केली. मी बऱ्याच वेळाने, धापा टाकत पोचले. मैदानाच्या कडेला नळाचा ओटा होता, त्यावर ती अनवाणी उभी होती, पाय धुऊन झालेले, चेहरा नुसता फुललेला. मी तिला मिठी मारली आणि म्हटलं, चल, तिकडे पोहे वाटताहेत. ती हलेना. ओट्याखाली कोरडं सिमेंट होतं. तिने विचारलं, टॉवेल आणलास का? टॉवेल मी गाडीतच विसरले होते. मग राहू दे, म्हणाली, मी उभी राहते थोडी, वाळतील. दहा किलोमीटर धावून आलेली बाई, मांड्या थरथरताहेत, आणि पाय वाळायची वाट बघत उभी.

मी कमरेला बांधलेली ओढणी सोडून तिच्या हातात दिली आणि तिच्याकडे पाठ केली. तिने पाय पुसले, पुन्हा पुसले, आणि मगच खाली उतरली.