राणीला नसलेलं बोलणं

सन एकोणीसशे छत्तीस. मी एकोणीस वर्षांचा होतो. शाळा दुसरीत सुटली, पण पाठांतरात देऊळघाटात माझ्यापुढं कोणी नव्हतं, अन् आजही नाही.

जत्रेत आम्ही एक जुनं नाटक करत असू. दिलेल्या शब्दासाठी राजा आपल्या राणीला भर बाजारात विकतो. राणी मी. लुगडं घरचंच आणायचं अन् घरच्या बाईनंच नेसवायचं, असा रिवाज. त्या साली माझी मोठी बहीण माहेरी होती. नवऱ्यानं पाठीवर वळ उठवून लावून दिलेली. तरी बानं तिच्या सासऱ्याला शब्द देऊन टाकला होता, जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी पोरगी मेहकरला पाठवतो. तिला कोणी विचारलं नव्हतं.

माझ्या निऱ्या खोचता खोचता ती म्हणाली, "काऊन रे, इकतात तवा राणी काय म्हणते?"

"काही नाही. मान खाली घालून उभी राह्यते."

"काहीच नाही?"

"पुस्तकात नाही तिथं बोलणं."

तिनं शेवटची निरी खोचली. मग पदर माझ्या डोक्यावर ओढत म्हणाली, "एवढं तरी म्हणावं तिनं. शब्द तुमी देल्ला, अन् जाऊन मी राह्यली. मले इचारलं कोनं?"

दुपारी राजानं मला बाजारात उभं केलं. बोली सुरू झाली. मी मान वर केली अन् तेच बोललो.

पडद्याआडून नाटकाचे मास्तर ओरडले, "गप बे! तुले तिथं बोलनं नाही!" साऱ्या जत्रेनं ऐकलं. माणसं हसली. बायांच्या बाजूनं एक म्हातारी उठली. "बोलू द्या ना तिले! आज कुठं तोंड उघडलं तिनं."

हसणं थांबलं. मी पुन्हा बोललो, आणखी मोठ्यानं. समोर बसलेला बा उठला अन् कोणाकडं न पाहता निघून गेला.

लोक माझ्याबद्दल अजून म्हणतात, तो त्या दिवशी पाठ विसरला. मी कधीच विसरलो नाही. पुढं मास्तरांनी मला राणी दिली नाही, मीही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहकरची दोन बैलांची दमणी दारात आली. बहिणीचं गाठोडं ओसरीवर बांधून ठेवलेलं, बा त्याच्या शेजारी बसलेला. मी बैलांच्या पुढं जाऊन उभा राहिलो अन् सगळ्यांसमोर बहिणीला विचारलं, "बाई, तुले जायचं हाये का?"

"नाही," ती म्हणाली.

मी गाठोडं उचललं अन् घरात नेऊन ठेवलं.