गच्चीवरची टिटवी

पापड वाळत घालायला आम्ही दोघं गच्चीवर गेलो, तर एक टिटवी ओरडत अंगावर धावून आली.

"अहो, मागे सरा. तिची अंडी आहेत," बायको म्हणाली.

बांधकामातून उरलेल्या खडीत, खडीच्याच रंगाची अंडी होती. अजून एक पाऊल टाकलं असतं तर पायाखाली आली असती.

आम्ही जिन्याच्या सावलीत थांबलो. गच्ची उन्हाने तापली होती. टिटवी टाकीखाली साचलेल्या पाण्यात बसली, पोटाची पिसं भिजवून धावत परतली आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसली. पिसं सुकली की पुन्हा पाण्याकडे. कुणी वाळवंटात पिल्लं वाढवतं, कुणी बर्फात, ही सिमेंटवर. मी मात्र सकाळीच बेडरूममध्ये वारा येत नाही म्हणून कुरकुर केली होती.

"हिला आपलीच गच्ची सापडली का?" मी म्हणालो.

"ती कुठं आलीय? इथं आधी माळच होता. ती तिच्या जागेवरच आहे. आलो ते आपण."

पापडांची परात उचलून मी गच्चीचं दार हळूच ओढून घेतलं. स्वतःच्याच घराचा जिना उतरताना पहिल्यांदा ओशाळल्यासारखं झालं.