रविवारी मंदावणारा मोडेम

मोडेमच्या तोंडावर चार हिरवे दिवे होते आणि त्यातला तिसरा माझा वैरी होता. तो स्थिर असला की अमेरिकेतली माझी मुलगी पडद्यावर हसायची, बोलायची, मांडीवरच्या नातीला माझ्यासमोर धरायची. तो लुकलुकायला लागला की मुलीचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं, आवाज चिरकायचा आणि नातीचे चौकोनी तुकडे व्हायचे. सोमवार ते शनिवार हा दिवा शहाण्या मुलासारखा वागायचा. रविवारी सकाळी साडेआठला, नेमकी मुलगी समोर आली की त्याच्या अंगात यायचं.

मी तेव्हा सिंदीच्या शाळेतून निवृत्त झाले होते. तीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं, त्यामुळे एखादी गोष्ट का बिघडते हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी एकच, ती सातासमुद्रापार. दिवसभरात तोंड उघडायचे प्रसंग फार कमी यायचे. कधीकधी संध्याकाळी स्वतःचाच आवाज ऐकावा म्हणून मी मोठ्यानं पाढे म्हणायची. हसू नका, सतराच्या पाढ्यापर्यंत गेलं की खरंच बरं वाटतं. एकटेपणाला शिस्त लावता येते अशी माझी समजूत होती. ती चूक होती, पण तेव्हा तीच धरून बसले होते.

आठवडाभर मी त्या रविवारच्या एका तासावर जगायची. त्यात नात नुकतीच बोलायला लागली होती. "ती आजी म्हणते," असं मुलगी सांगायची. मला ते माझ्या कानांनी ऐकायचं होतं. पण पोरीनं ओठ जुळवले की दिवा लुकलुकलाच. आजीतला 'आ' सुद्धा कधी माझ्यापर्यंत पोचला नाही.

मग मी मोडेमच्या मागे हात धुऊन लागले. तक्रारीच्या नंबरवरची मुलगी दर वेळी एकच सांगायची, बंद करून पुन्हा चालू करा. केलं. फ्रिजपासून दूर नेला, खिडकीपाशी ठेवला, तापतो म्हणून खाली दोन विटा दिल्या. तार बदलली. उंदरानं कुरतडली असेल म्हणून टॉर्च घेऊन माळ्यावर चढले, या वयात. गावातल्या कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांमुळे होत असेल असंही वाटून गेलं, पण रविवारी जिनिंग बंद असायचं. शेवटी शाळेतली सवय कामी आणली. एका वहीत रोजची वेळ, कोणता दिवा, किती वेळ लुकलुकला, सारं लिहून ठेवलं. दोन महिन्यांनी वही सांगत होती ते एवढंच, की मोडेमला माझी मुलगी आवडत नाही.

इथं घराविषयी सांगायला हवं. आमचं घर मुळात एकच होतं. ह्यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भासरे, आणि आम्ही. कापसाचा धंदा एकत्र, चूल एकत्र. मी शाळेत जायची आणि माझी मुलगी मोठ्या जावेच्या अंगाखांद्यावर असायची. तिला न्हाऊ घालणं, तिच्या वेण्या, तिचा ताप, सारं जावेनं काढलं. मुलगी तिला मोठी आई म्हणायची. पुढे धंद्यात भावाभावांचं बिनसलं आणि घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. ह्यांनी मुलीला शपथ घातली, तिकडच्यांशी एक शब्द बोलायचा नाही. मला शपथ घालायची गरज पडली नाही. मी जात्याच फटकळ, मला निमित्तच हवं होतं.

मग हे गेले, मागोमाग भासरेही गेले. जावेचा मुलगा नागपूरला स्थायिक झाला. भिंतीच्या अलीकडे मी एकटी, पलीकडे ती एकटी. भिंत उभी राहिल्यापासून नऊ वर्षं आम्ही एकमेकींच्या कुकरच्या शिट्ट्या मोजल्या, पण बोललो नाही. कामवाली मात्र दोन्ही घरी एकच होती. तिला मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तिकडचं इकडे नाही आणि इकडचं तिकडे नाही. एक शब्द जरी ऐकला तर काम बंद." बिचारीनं ते अक्षरशः पाळलं.

टेलिफोनचा लाइनमन चाळिशीचा होता. कधीकाळी माझ्याच वर्गात बाकावर उभा राहिलेला. तो तीनदा आला, तिन्ही वेळा आडवारी, आणि तिन्ही वेळा "मॅडम, सब ठीक आहे" म्हणून चहा पिऊन गेला. चौथ्यांदा मी त्याला म्हटलं, "तू रविवारी साडेआठला येजो. त्याच्याआधीही नाई अन् नंतरही नाई." जुनी भीती अजून शिल्लक असावी. रविवारी तो आंघोळ करून, भांग पाडून हजर झाला.

साडेआठला मुलगी पडद्यावर आली. तीनचार मिनिटं नीट गेली आणि दिवा लुकलुकला. लाइनमन बाहेर वळचणीखालच्या टेलिफोनच्या डबीपाशी उभा होता. त्याच्याजवळ तपासणीचा एक फोन असतो, तो त्यानं तारेला लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग मला हाक मारली.

"मॅडम, इकडं या. हे ऐका."

मी फोन कानाला लावला. आधी नुसता घूं आवाज, मग तोही थांबून पोकळी. मग कुकरची शिट्टी झाली. ती माझ्या एका कानात भिंतीवरून आली आणि दुसऱ्या कानात फोनमधून. पाठोपाठ कोणी तरी खोकलं. तो कोरडा, दोन तुकड्यांतला खोकला मी नऊ वर्षं भिंतीतून ऐकत आले होते. आता तो माझ्या अगदी कानाशी होता. मग तिकडे फोन ठेवल्याचा कट् आवाज झाला आणि आत खोलीत दिवा स्थिर झाला. दोनएक मिनिटांनी पुन्हा उचलल्याचा आवाज आला. दिवा पुन्हा लुकलुकला.

"पॅरलल जोडेल आहे तुमच्या लाइनीले," लाइनमन म्हणाला. "तिकडचा फोन उचलला का मोडेम बसते."

तेव्हा मला सगळं आठवलं. नव्वदीच्या सुरुवातीला, कित्येक वर्षं वाट पाहून आमच्याकडे फोन लागला होता. एक यंत्र ओसरीवर आणि त्याच तारेवर दुसरं आतल्या खोलीत, भासऱ्यांसाठी. एक उचलला की दुसऱ्यावरचं सगळं ऐकू यायचं. वाटणीच्या वेळी पंचांनी वजनकाटे वाटले, गाद्या वाटल्या, तांब्याची घंगाळी वाटली, देवसुद्धा वाटले. लाइन आमच्या वाट्याला आली. आतली खोली तिकडे गेली, तिच्यासोबत दुसरं यंत्रही गेलं. तार कोणीच वाटली नाही, कारण तार सरकारची. भासरे तोऱ्यात म्हणाले, "आमी याहिच्या फोनले हात लावत नाई," आणि त्यांनी घंटी बंद करून ठेवली. आम्हाला वाटलं त्यांनी तार तोडली असेल. त्यांना वाटलं आम्ही तोडली असेल. मध्ये नऊ वर्षं गेली आणि तार आपली भिंतीतून जात राहिली.

लाइनमननं पिशवीतून काडेपेटीएवढी एक डबी काढली. "तुमच्या फोनले हा फिल्टर लावला ना, तसाच तिकडं बी लावला तं दोन्ही चालते. मोडेमबी बसत नाई, अन् फोनबी राह्यते. लावून देऊ का? नाई तं कापून टाकतो, दोन मिन्टाचं काम."

तिकडे फिल्टर लावायचा म्हणजे तिकडे जायचं. दार वाजवायचं. पण मला तो विचार करायलाही सवड नव्हती, कारण माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. कंप्युटर येण्याआधी मुलगी दर रविवारी याच वेळी, याच फोनवर बोलायची. म्हणजे इतकी वर्षं ही बाई कान लावून होती! मी मुलीजवळ काय काय बोलले होते, वाटणीबद्दल, भासऱ्यांबद्दल, हिच्या हाताच्या खारट भाजीबद्दल. मला उघडं पडल्यासारखं झालं.

"काप," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पक्कड चालवली. जाताना ती डबी ओसरीवरच्या टेबलावर ठेवून गेला. "असू द्या, लागलं तं," म्हणाला.

मी आत आले. पडदा आरशासारखा स्वच्छ होता. मुलीनं नातीला पुढे केलं, आणि नात मला पाहून म्हणाली, "आजी." स्पष्ट, अख्खं. मी पदर तोंडाला लावून रडले, ते आनंदानंच. मग डोळे पुसले आणि फळ्यावर प्रमेय सिद्ध करावं तशा तोऱ्यात मुलीला सारी हकीगत सांगितली, शेवटी तार कशी कापली तेही.

तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मला वाटलं पुन्हा अडकलं. पण दिवा स्थिर होता.

"आई, मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"मोठी आई ऐकते ते. ती फोन उचलायची तं कट् वाजायचं, अन् तुझा आवाज बारीक व्हायचा. पहिल्याच वर्षी कळलं होतं मले. तुले काऊन दोन-दोनदा सांगायची मी, सांबारवडी कशी केली, पोटात बाळ लाथ कवा मारते? तुले थोडीच त्याच्यात गोडी होती!"

मला खरंच नव्हती. सांबारवडीचं, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचं सारण ती मला इतक्या मोठ्यानं का सांगते, असं वाटून मी तिला एकदोनदा रागावलेही होते.

"बाबांनी न बोलायची शपथ घातली होती," मुलगी म्हणाली. "मी तिच्याशी कधी बोलली नाई. तुझ्याशीच बोलली." मग नातीला खाली ठेवत, "मले वाटलं, आपण कंप्युटरवर आलो तवापासून तिनं सोडून देल्लं असन. आता तं तिले नुसता घूं आवाज येत असन. तरी उचलून राह्यली होती?"

तरी उचलत होती. एकदा उचलायची, काही नाही म्हणून ठेवायची, आणि दोन मिनिटांनी पुन्हा पाहायची. माझ्या वहीत तिची प्रत्येक खेप लिहिलेली होती, वेळेसकट. मी ती मोडेमची म्हणून लिहिली होती.

मी त्याच दिवशी जायला हवं होतं. तिचं दार माझ्या दारापासून वीस पावलांवर होतं. पण नऊ वर्षांनंतरचा पहिला शब्द कोणता, ते मला सुचेना. तुमची तार मी कापली, असं म्हणायचं? एक दिवस ती डबी मुठीत धरून निघालेही. तिच्या ओट्यावर ताजा सडा होता, रांगोळी ओली होती. ती मोडेल असं स्वतःला सांगून मी परतले. रांगोळी काय, पाय उचलून ओलांडता आली असती. मग दिवाळीला फराळ घेऊन जाऊ असं ठरवलं, म्हणजे आणखी तीन आठवडे मिळत होते.

दिवाळीच्या आधीच एका दुपारी पलीकडे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी कुकर वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कामवाली भांडी घासायला आली तेव्हा मी माझाच नियम मोडला आणि विचारलं.

"मोठ्या बाई नागपूरले गेल्या, पोराकडं," ती म्हणाली. "आता तिकडंच राह्यतीन म्हन्ते."

"अशा अचानक काऊन गेल्या?"

"पोरगा तं कवापासून बलावून राह्यला होता. ह्याच जात नव्हत्या. आता म्हने, फोन बी मुका झाला, इथं राहून काय करू."

"मग मले सांगितलं काऊन नाई?"

तिनं राखेचा हात थांबवला. "तुमीच म्हनलं होतं ना, तिकडचं इकडं नाई."

नागपूर रेल्वेनं तासाभरावर आहे. मी दोनदा स्टेशनपर्यंत गेले आणि दोनदा तिकीट न काढता परत आले. मला लाज वाटत होती. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही.

मग मी लाइनमनला बोलावलं आणि तार पुन्हा जोडायला सांगितली. तो म्हणाला, "मॅडम, तिकडं तं कुलूप आहे. फिल्टर कुठं लावू?"

"फिल्टर नको. नुसती जोड."

"अन् मग मोडेम बसला तं?"

"बसू दे," मी म्हटलं.

त्यानं जोडली. आता रविवारी साडेआठला मुलगी येते, नात गाणी म्हणून दाखवते, चित्र कुठेही अडकत नाही. मुलगी मधेच म्हणते, "आई, इकडं पाहा ना, तिकडं काय पाहून राह्यली?" मी म्हणते, पाहतेच आहे. मी तिसऱ्या दिव्याकडे पाहत असते. तार जोडल्यापासून तो एकदाही लुकलुकलेला नाही.