सिस्टरांची रागीट दया

इतक्या रागारागाने दया करणारं दुसरं माणूस साऱ्या ग्वाल्हेरात सापडायचं नाही. इथल्या हजीरा भागात आमच्या शेजारी राहणाऱ्या या बाई नगरकडच्या मराठी ख्रिस्ती. नर्स म्हणून इकडे आल्या, निवृत्तही झाल्या, पण मोहल्ल्यासाठी त्या अजून सिस्टरच आहेत. भाजीवाल्याला आधी फैलावर घेतील आणि मग त्याचेच दबलेले टोमॅटो वेचून आणतील. "चांगले कुणीही नेईल, यांना कोण विचारणार?" एकदा लंगड्या गाढवाला पट्टी बांधताना त्याने लाथ मारली, तर "नालायक" म्हणत त्यांनी त्याची पट्टी पुरी केली आणि उरलेली स्वतःच्या गुडघ्याला गुंडाळली. सकाळची प्रार्थना खिडकी उघडी ठेवून चालते. ती मराठीत असते, पण समोरच्या शर्माजींपुरती हिंदीत, त्यांना कळावी म्हणून. "हे प्रभू, शर्माजी पर दया कर, आज फिर हमारे गेट पर गाड़ी लगा गए."

याच सिस्टरांच्या एकुलत्या एका मुलाला सहा वर्षांपूर्वी किला गेटजवळ एका टेम्पोने उडवलं. तो जागीच गेला. टेम्पोवाल्याला शिक्षा झाली, ती भोगून तो सुटला. त्या दिवसापासून सिस्टरांनी मुलाचं नाव तोंडातून काढलं नाही, आणि आम्हीही कधी काढलं नाही.

गेल्या हिवाळ्यात कळलं, की त्या टेम्पोवाल्याला अर्धांगवायू झालाय आणि पडून पडून पाठीला जखमा झाल्यात. दुसऱ्या दिवशी सिस्टर पट्ट्यांची पिशवी घेऊन माझ्या स्कूटरपाशी उभ्या. "चल, सोड मला."

त्याच्या बायकोने त्यांना ओळखलं आणि ती दार अडवून रडू लागली. "अम्मा, आप मत आइए. हमें शर्म आती है."

"शर्म बाद में करना. पहले पानी गरम कर," सिस्टर म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग हे रोजचंच झालं. त्याला कुशीवर वळवायचं, जखमा धुवायच्या, आणि आंघोळीत हयगय केली म्हणून दोघांना झापायचं. तो डोळे मिटून पडून राहायचा. एकदा परतताना मी न राहवून विचारलं, "सिस्टर, तुम्हाला राग नाही येत?"

"येतो ना. पट्टी बांधताना तर फारच."

"मग एवढी दया कुठून आणता?"

"माझ्यापाशी कुठली? पहाटे देवाजवळ मागते. दुपारपर्यंत संपते, मग उद्या पुन्हा मागायची. त्यानं आजवर नाही म्हटलं नाही, मग मी कोणत्या तोंडाने म्हणू?"

होळीच्या आधी तो गेला. त्याच्या बायकोला हात लावायचा धीर होईना, तेव्हा सिस्टरांनी त्याला शेवटचं पुसून काढलं, केस विंचरले. त्या दिवशी मात्र त्या कुणालाही रागावल्या नाहीत.

घरी आलो. त्या स्कूटरवरून उतरल्या, पण आत न जाता माझ्या ओट्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या सुहासला केस विंचरलेले आवडायचे नाहीत. पळून जायचा." आणि त्या मुलाविषयी बोलू लागल्या: त्याचा ताप, त्याची शाळा, त्याचे रुसवे. सहा वर्षांचं साठलेलं होतं. आतून माझ्या बायकोने दोनदा चहाला बोलावलं. मी उठलो नाही.