बाकावरून काय दिसतं

टिपणीस काका कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की चपला काढायच्या आधी दाराच्या चौकटीला अंगठ्याचं नख लावायचे. हलकेच, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने. पण अमेरिकेतल्या कॅरीसारख्या गावात घर हाच माणसाचा बायोडाटा असतो, तिथे असलं काही लक्षात न येऊन कसं चालेल? आमच्याकडे आले तेव्हा नख निरखत म्हणाले, "रंगाचा एक हात कमी पडलाय. बिल्डरने फसवलं गं तुला." घर घेऊन मला तीनच महिने झाले होते. मी हसून बटाटेवडे पुढे केले आणि मनातल्या मनात त्यांना काळ्या यादीत टाकलं.

त्यांची मुलगी मेघना माझ्याच ऑफिसात. तिचा जन्म इंग्लंडचा, त्यामुळे तिने मीटिंगमध्ये तोंड उघडलं की अमेरिकन लोक जरा सरळ होऊन बसायचे. आई गेल्यावर तिने वडिलांना इकडे आणलं. काकांनी देश सोडला त्या वर्षी त्यांचं मराठीही तिथेच थांबलं होतं. ते इंग्लंडला विलायत म्हणायचे आणि ट्रेनला आगगाडी. आमच्या महाराष्ट्र मंडळात लोक 'कार्यक्रम कॅन्सल केलाय' म्हणाले की ते गंभीरपणे विचारायचे, "म्हणजे रद्द का?"

संक्रांतीच्या कार्यक्रमात मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांची ओळख 'ब्रिटिश रेल्वेतले निवृत्त वरिष्ठ इंजिनियर' अशी करून दिली. काकांनी माइक घेतला. "इंजिनियर नाही. मी रंगारी होतो. विलायतेतल्या स्टेशनांना एकतीस वर्षं रंग दिला. शेवटची बारा वर्षं रंगाऱ्यांचा मुकादम." सभागृहात एकदम शांतता. आमच्या मंडळात तोवर रंगारी कोणी नव्हता. सगळे डायरेक्टर नाहीतर आर्किटेक्ट, तेही क्लाऊडचे. अध्यक्षांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे बाकीच्यांना कळलं की वाजवायच्या आहेत.

त्या दिवशी त्यांचं भाषण होतं, 'विलायतेतलं स्टेशन सुंदर का दिसतं'. बेचाळीस फोटो, आणि एकाही फोटोत गाडी नाही. माझ्या मागून कोणीतरी कुजबुजलं, "गाडी कुठंय यार?" काकांचे कान तिखट. "गाडी लेट आहे," ते म्हणाले. "तुम्हाला वाटतं तिकडे आगगाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात. छे. पावसात चाळीस-चाळीस मिनिटं उभा राहतो माणूस. म्हणून तर स्टेशनं सुंदर बांधली. गाड्या वेळेवर असत्या तर नुसता ओटा पुरला असता."

लंडनच्या मोठमोठ्या स्टेशनांचे, ते काचेचे उंच घुमट आणि लोखंडी कमानी, असे फक्त तीन फोटो त्यांनी दाखवले. "हा लग्नातला शालू. बघून घ्या. पण बाई कळते ती घरच्या लुगड्यात," असं म्हणून ते यॉर्कशरमधल्या एका खेडेगावच्या स्टेशनवर गेले आणि पुढचा पाऊण तास तिथून हलले नाहीत. फलाटावरच्या छपराच्या कडेला लाकडी पट्ट्यांची झालर होती. प्रत्येक पट्टीचं टोक कापून निमुळतं केलेलं. आम्हाला ती नक्षी वाटली. काका म्हणाले, "पाणी टोकावर येतं आणि सरळ खाली रुळांकडे पडतं, उभ्या माणसाच्या कॉलरमध्ये शिरत नाही. आधी माणूस कोरडा, मग शोभा." कुंड्यांमधली फुलं गावातली पेन्शनर मंडळी येऊन लावतात, एक पैसा न घेता. का, तर त्यांनाही कोणाची तरी वाट बघायचीच असते, मग हात रिकामे कशाला ठेवा. घड्याळ असं टांगलेलं की बाकावर बसल्या बसल्या दिसावं. आणि बाक. बाकांवर काका फारच हळवे होते. मुकादम असताना एखाद्या स्टेशनचं काम संपलं, रंग वाळला, की ते प्रत्येक बाकावर दहा-दहा मिनिटं बसायचे आणि तिथून काय दिसतं ते बघायचे. काही दिसत नसेल तर बाक उचलून दुसरीकडे ठेवायला लावायचे. साहेबाने एकदा विचारलं, हे रंगाऱ्याचं काम आहे का? काका म्हणाले, "नाही. पण दुसऱ्या कोणाचंही नाही ना."

भाषण संपल्यावर आमच्या सांस्कृतिक सचिव बाई डोळे ओले करून उठल्या. "काका, पण शेवटी स्टेशन सुंदर होतं ते माणसांमुळेच, नाही का?"

"नाही," काका म्हणाले. "माणसं ओल्या रंगाला टेकतात."

त्यानंतर मी त्यांना काळ्या यादीतून काढलं. महिन्यातून एकदा आमच्या कॅरीच्या स्टेशनवर न्यायचंही कबूल केलं. चौदा वर्षं या गावात राहून मी त्या स्टेशनात पाऊल ठेवलं नव्हतं. ड्राइव्ह न करताही कुठे जाता येतं हेच मला माहीत नव्हतं. काकांनी सगळं फिरून पाहिलं, घड्याळ मनगटाशी ताडून बघितलं, बाकावर दहा मिनिटं बसले आणि उठून म्हणाले, "पास." परीक्षा कडक, पण खुन्नस नाही.

मग मेघनाला सिएटलची नोकरी चालून आली. सात वर्षं ती जिच्यासाठी झटत होती तीच नोकरी, दोन महिन्यांत हजर व्हायचं होतं. पण तिथे महिन्याचे पंधरा दिवस ती विमानात असणार, आणि काका आदल्या वर्षी बाथरूममध्ये पडलेले. त्यांना एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. "सिम्पल आहे वैशालीताई," ती मला म्हणाली, "मी नोकरीला नाही म्हणून कळवते." आवाज अजिबात सिम्पल नव्हता. काका शेजारच्या खोलीतून बाहेर आले. "माझ्यापायी तू थांबलीस तर मला रोज सकाळी तुझ्यासमोर चहा पिताना लाज वाटेल. मी म्हाताऱ्यांच्या घरात राहीन. फक्त घर मी निवडणार."

मंडळात बातमी पसरली. 'वृद्धाश्रम' हा शब्द आमच्याकडे इतक्या हळू आवाजात उच्चारतात की तो सगळ्यांना ऐकू जातो. मेघनाला कोणी काही बोललं नाही. पण तिच्या घरी एकाएकी पुरणपोळ्या यायला लागल्या. ज्यांनी त्या केल्या, त्यांचे स्वतःचे आईवडील पुण्या-नागपूरच्या फ्लॅटांत एकेकटे होते. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आणि मला त्यांचा राग आला. स्वतःबद्दल मात्र तेव्हा काही ध्यानात आलं नाही.

मेघना प्रत्येक ठिकाणी रडायची, म्हणून शनिवारी काकांना अशी घरं बघायला घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या ठिकाणी झुंबर, पियानो आणि हॉलमध्ये पाण्याचं कारंजं. मी मनात म्हटलं, झालं काम. काकांनी फुलांना हात लावला. प्लास्टिकची. मग हॉलमधल्या खुर्चीत बसले. सगळ्या खुर्च्यांची तोंडं टीव्हीकडे, आणि टीव्हीवर कोणीतरी केक करत होतं. दहा मिनिटांनी उठले. "नापास." दुसऱ्या ठिकाणी तर भारतीय जेवण होतं, छोटं देऊळ होतं. मंडळाने एकमताने सुचवलेलं. काकांनी खिचडी दोनदा घेतली. पण बसायच्या खोलीतल्या खिडक्यांना दुधी काच. "खिचडी उत्तम आहे," ते गाडीत म्हणाले, "पण खिचडी वीस मिनिटांत संपते. पुढे दिवसभर काय बघू?" असे पाच शनिवार गेले. मेघनाने नोकरी नाकारायचं पत्र लिहून ठेवलं होतं, फक्त पाठवायचं बाकी होतं. सहाव्या शनिवारी मी चिडलेच. "काका, हे काही यॉर्कशरचं स्टेशन नाही हो. मेघनाचं अख्खं करिअर तुमच्या बाकांवर अडकलंय."

काका म्हणाले, "अगं, स्टेशनवर माणूस तासभर थांबतो, तरी आम्ही इतकं बघायचो. इथे तर मला शेवटपर्यंत थांबायचंय." मी पुढचा सिग्नल येईपर्यंत रस्त्याकडेच बघत राहिले.

त्या दिवशीचं ठिकाण यादीत सगळ्यात खाली होतं. विटांची एकमजली जुनी इमारत, लांबच लांब ओसरी, तिच्यावरच्या लाकडाच्या रंगाचे पोपडे निघालेले. दारातलं घड्याळ बंद. ओसरीतले दोन्ही बाक भिंतीकडे तोंड करून, का ते देवालाच ठाऊक. गाडीतून उतरायचीही माझी इच्छा नव्हती. काका मात्र ओसरीच्या कडेला उभे राहून वर छपराच्या लाकडी झालरीकडे बघत होते. "ज्याने बांधली त्याने पावसाचा विचार केला होता," ते म्हणाले. "नंतरच्यांनी कसलाच केला नाही." मग त्यांनी नख लावलं आणि मोठा पोपडा हातात आला. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता. "हे घेऊ. इथे काम आहे."

मेघनाला मी फोनवर सांगितलं की बाबांनी सगळ्यात भिकार ठिकाण निवडलंय. ती हसायला लागली आणि मग नेहमीप्रमाणे रडली. पत्र मात्र तिने फाडलं.

तिथल्या मॅनेजर बाईंनी एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला शिडीवर चढू देणं शक्यच नव्हतं. विम्याचे नियम. काकांनी ते लगेच मान्य केलं, कारण मुकादम शिडीवर चढत नसतो. डागडुजी करणारा लुईस शिडीवर, काका खाली खुर्चीत, हातात काठी. एकाला मराठी येत नव्हतं, दुसऱ्याला स्पॅनिश, आणि दोघांचं इंग्रजी एकमेकांना कळत नव्हतं. पण जुना रंग खरवडायच्या आधी नवा मारायचा नाही हे लुईसला पहिल्याच दिवशी कळलं. हिरव्या रंगावरून आठवडाभर वाद झाला. काकांना हवा होता तो हिरवा त्यांनी शेवटी जेवणातला वाटाणा चेचून दाखवला. हे बघायला आतली म्हातारी मंडळी एकेक करून बाहेर येऊन बसायला लागली. भिंतीकडे तोंड करून बसणं गैरसोयीचं व्हायला लागलं, तेव्हा बाक फिरवले गेले. मॅनेजर बाईंना वाटलं ती कल्पना त्यांची. काकांनी ते तसंच राहू दिलं.

डिसेंबरात मी काकांना भेटायला गेले तेव्हा पाऊण तास उशिरा पोचले होते. काका कोट घालून ओसरीतच होते. त्यांच्या एका बाजूला एक आजी, दुसऱ्या बाजूला व्हीलचेअरवर एक आजोबा. तिघंही वळणाकडे बघत होते, जिथून भेटायला येणाऱ्यांच्या गाड्या आत शिरतात. मी सॉरी म्हणाले. "छे गं, काहीच नाही," काका म्हणाले. "तू यायच्या आत दोन हरणं आणि पिझ्झावाला येऊन गेला." मग त्यांनी माझ्या आईची चौकशी केली. आई सांगलीला एकटीच, दिवसभर कामाला सुमनताई. मी म्हटलं, छान आहे, दिवाणखान्यात कॅमेरा बसवलाय, मी ऑफिसातूनही बघू शकते.

"म्हणजे खुर्ची कॅमेऱ्याकडे तोंड करून?"

"हो. म्हणजे चेहरा दिसतो ना."

"तुला आई दिसते," काका म्हणाले. "आईला काय दिसतं?"

मला राग आला. आठ हजार मैलांवरून माणूस जेवढं करू शकतो तेवढं मी करत होते, निदान रोज स्वतःला तसं सांगत होते. आईशी रोज फोनही व्हायचा. चार मिनिटं. "काय चाललंय?" "काही नाही. तुझं काय?" माझंही काही नाही. मी विषय बदलला. काकांनीही तो बदलू दिला, आणि आम्ही पुन्हा हरणांकडे वळलो.

फेब्रुवारीत काका गेले. सकाळी न्याहारी करून कोट घालून बाहेर येऊन बसले आणि बसल्या जागी गेले. शेजारच्या आजींना वाटलं डोळा लागला, म्हणून त्यांनी बराच वेळ कोणाला हाक मारली नाही. मेघना सिएटलहून आली. मंडळाने शोकसभा घेतली आणि अध्यक्षांनी त्यांचा उल्लेख पुन्हा 'वरिष्ठ इंजिनियर' असाच केला. या खेपेला दुरुस्त करायला कोणी नव्हतं, म्हणून मी उठले आणि म्हणाले, रंगारी होते.

मार्चच्या शेवटी एका सकाळी ऑफिसच्या पार्किंगमधून मी सुमनताईंना फोन केला आणि आईची खुर्ची उचलून गॅलरीच्या दाराशी, बाहेर तोंड करून ठेवायला सांगितली. "ताई, मग तुम्हाला कॅमेऱ्यात दिसणार नाहीत हं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं चालेल. तिकडे संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. मोबाइलवर आईची पाठ दिसत होती, अंबाडा आणि खांद्यावरून घसरलेली शाल. मी तिला फोन लावला आणि नेहमीचं न विचारता म्हटलं, "आई, काय दिसतंय?"

ती सांगायला लागली. समोरच्या इमारतीतल्या जोशांनी ग्रिल बदललंय. त्यांची सून स्कूटर शिकतेय आणि सासरे मागून धावताहेत. आंब्याला कैऱ्या लागल्यात, पण या वर्षी कमी. खाली भाजीवाल्याशी कोण हुज्जत घालतंय ते इथून नीट दिसत नाही, थांब, जरा पुढे होते. माझी आठची मीटिंग सुरू झाल्याचा मेसेज आला, मग दुसरा आला. आई अजून सांगतच होती.