शुक्रवार पेठेतले आठ कोंबडे

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरमालकांइतका जनावरांचा जाणकार सोलापूर जिल्ह्यात नव्हता, आणि त्यांच्याइतकी भव्य चूकही दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसेल. सत्तरच्या दशकात मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. ते बैलबाजारातले दलाल. उपरण्याखाली हात घालून, समोरच्याची बोटे दाबून सौदा ठरवत, आणि त्या वेळी चेहऱ्यावरची रेषही हलू देत नसत. एकदा नुसत्या उभ्या असलेल्या बैलाकडे पाहून ते म्हणाले, "ह्यो पाण्याला भितोय." बैलाच्या धन्याने मान खाली घातली.

एका वर्षी काकू, म्हणजे मालकांची पत्नी, विषमज्वरातून उठल्या. पण भिंत धरल्याशिवाय त्यांना उभे राहता येईना. डॉक्टरांनी रोज एक अंडे सांगितले. घर लिंगायतांचे. अंडे उंबऱ्याच्या आत कधी आले नव्हते. संध्याकाळी मालक म्हणाले, "औषध म्हणलं की औषध. पर बाजारचं नगं. कुणाच्या कोंबडीचं, ती काय खाल्लेली, कुणाला ठावं?" तेव्हा कोंबड्या घरीच पाळायच्या ठरल्या.

पिल्ले निवडायला ते बैल निवडायला जावे तसे गेले. पाटीपुढे उकिडवे बसून त्यांनी प्रत्येक पिल्लाचे पाय चाचपले. जाड पायांची, ताठ मानेची, दुसऱ्यांना ढकलून दाण्यावर येणारी आठ पिल्ले त्यांनी बाजूला काढली. विकणाऱ्याने विचारले, "मालक, समदी असलीच न्यायची?"

"असलीच."

"बगा बरं का."

"मला शिकवतो व्हय?"

त्याने आठही पिल्ले मोजून दिली. सोलापुरात मालकांना जनावराबद्दल कोण सांगणार? अंगणात खुराडे झाले, निवडलेली ज्वारी आली. पिल्ले अशी वाढली की पेठेतली माणसे पाहायला थांबत. मग तुरे फुटले, आणि एका पहाटे आठहीजण आरवले. मालकांनी खुराड्यात वाकून एकेकाचा तुरा पाहिला. त्यांची नजर चुकली नव्हती. आठांत एकही डावा नव्हता. काकू खाटेवरून अर्ध्या कानडीत म्हणाल्या, "साकु. पुरे झालं आता, द्या कुणाला तरी." पण आवाज फार बारीक होता, आणि मालकांना तोच टोचत होता.

समोरचे विणकर तेलुगू वळणाच्या मराठीत सांगून गेले, "काका, आमचे माग खटखटतात, तरी झोप लागते. तुमच्या कोंबड्यात लागत नाही." खाणावळवाला आला, त्याला मालकांनी गिऱ्हाईक म्हणून रीतसर तपासले. "ठेवणार कुटं? पाणी किती बारी दावणार?"

"एकदाच की मालक. रश्श्याचं."

त्याला चहा पाजून मालकांनी वाटेला लावले.

मग ते ओळखीच्या शेतकऱ्यांकडे एसटीने जाऊ लागले, काखेत एकेक कोंबडा. ज्याच्याकडे कोंबड्या आहेत आणि जो कापणार नाही असा शब्द देईल, त्यालाच द्यायचा. मुलींनाही लोक इतकी चौकशी करून देत नसत. शेवटचा मोडनिंबला गेला. तिथे मालकांनी सवयीने उपरणे पुढे केले आणि बदल्यात अंडी देणारी कोंबडी मागितली. शेतकऱ्याची बायको हसून म्हणाली, "दादा, तुमी नगा निवडू. मी देते." आणि चाळीस वर्षे दुसऱ्याला जनावर दाखवणारा हा माणूस मुकाट्याने पाठ फिरवून उभा राहिला.

तिने दिलेली कोंबडी तपकिरी, बारकी, मान खाली घालून चालणारी. बाजारात मालकांनी तिच्याकडे पाहिलेही नसते. तिसऱ्या दिवशी तिने अंडे दिले. मालकांनी परसात वेगळी शेगडी पेटवून ते स्वतः उकडले. काकू वाटीकडे बघत राहिल्या. "तुमच्यासाठी खाते," त्या म्हणाल्या, "चव विचारू नका." मालकांनी कधीच विचारली नाही.

दोघांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ मी माडीच्या कठड्यावरून पाहिली आहे. काकू मुठीत ज्वारी घेऊन दारात आल्या, आणि चौकटीवरचा हात सोडून अंगणात उतरल्या. मालक आधार द्यायला पुढे झाले. मग थांबले, हात मागे घेतला, आणि काकू कोंबडीपर्यंत पोचेस्तोवर जागचे हलले नाहीत.