वीतभर रोपांचे ओझे

इमारतीत त्यांना सगळे ‘क्रेनवाले’ म्हणत. बांधकामांवरच्या उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसून लोखंडाच्या मोळ्या हलवण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते, आणि या कामातला एक नियम त्यांनी जिवापाड पाळला होता. माणसाच्या डोक्यावरून भार न्यायचा नाही. खाली कोणी दिसला, की ते भार जागच्या जागी टांगता ठेवत, भोंगा वाजवत आणि तो माणूस बाजूला होईपर्यंत हात आवरून बसत. मुकादम खालून हातवारे करी, शिव्याही घाली; हे ढिम्म हलत नसत.

त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांना रस्त्याच्या अंगाला एक गॅलरी होती आणि तिच्या बरोबर खाली टेलरमास्तरांचा ओटा. मास्तरांची नजर मंदावली होती. गडद कापडावरची शिलाई त्यांना दिव्याखाली दिसत नसे, म्हणून उजेड असेतोवर ते मशीन घेऊन ओट्यावरच बसत.

गॅलरीवर राज्य बायकोचे. तिचा पॅकिंगचा कारखाना बंद पडला, तेव्हा ती कितीतरी महिने भिंतीकडे तोंड करून पडून असे. विचारले तर ‘हो’ किंवा ‘नाही’. मग कधीतरी तिने फुटक्या बादलीत भोपळ्याचे बी टोचले आणि त्या वेलाबरोबर तीही उठून बसली. पुढे मातीने भरलेली पिंपे आली, कठड्यावर वेल चढले, घरात पुन्हा भांडणे होऊ लागली. क्रेनवाल्यांना त्या भांडणांचे फार अप्रूप होते.

एका रविवारी पिंप सरकवताना त्यांना उंबऱ्यालगत, गॅलरी भिंतीत शिरते त्या रेषेवर, केसाएवढी भेग दिसली. ते तिथेच उकिडवे बसून राहिले. खालून मास्तरांच्या मशीनची टकटक येत होती.

त्यांनी भेग दाखवून पिंपे काढायचा विषय काढला, तेव्हा बायको म्हणाली, “टनावारी लोखंड उचलणारा माणूस, आणि माझ्या बादलीला घाबरतो.” पण ती हसली नाही. मग त्यांनीच तोड काढली. रोपवाटिकेत जाऊन बुटक्या जातींची बियाणी आणली: वीतभर वाढणारे टोमॅटो, लिंबाएवढी वांगी, खोल माती न मागणारी गोल गाजरे, बोटाएवढ्या काकड्या. मातीऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा आणला आणि पिंपांच्या जागी उथळ डबे. बाहुलीच्या संसाराला भाजी पुरवायची आहे का, असे तिने विचारले; पण महिनाभरात ती त्या रोपांत पूर्ण गुंतली. या टोमॅटोंचे, पानांच्या बेचक्यात येणारे, बगलफुटवे खुडायचे नसतात, खुडले तर फळच जाते, हे तिला दोन रोपे वाया घालवून कळले.

भेगेवर त्यांनी काचेची एक अरुंद पट्टी आडवी बसवली आणि तिची दोन्ही टोके प्लास्टरने चिकटवली. बांधकामावर हीच रीत असते: भेग हलली, तर काच तडकते. पट्टीवर त्यांनी टोपली पालथी घातली. रोज कामावर निघताना ते टोपली उचलून पाहत. पट्टी अखंड असे. तरीही संध्याकाळी वळणावर आले, की आधी गॅलरी दिसते का ते बघत आणि मग श्वास सोडत.

मास्तरांना मात्र त्यांनी काही सांगितले नाही. सांगितले असते, तर मास्तर घरमालकाकडे गेले असते, मालकाने गॅलरीला कुलूप घातले असते आणि बायको पुन्हा भिंतीकडे वळली असती. शिवाय मास्तरांना आत बसून काम जमले नसते. आता भार कमी केलाच आहे, असे ते स्वतःला समजावत. पण एकदा पाणी घातल्यावर त्यांनी सहज एक डबा उचलला आणि त्यांचा हात खाली गेला. कोरडा असताना पिसासारखा वाटणारा भुसा पाणी पिऊन दगड झाला होता. त्या दिवसापासून केबिनमध्ये बसल्या बसल्या त्यांना घरी पाणी घालायची वेळ आठवू लागली. ते फोन करत, आणि जपून घाल, एवढेच म्हणत. बायको म्हणे, पाण्यालाही आता तुमची परवानगी लागते का.

तिला या भाज्यांचे कौतुक होते. दोरीला छोटी टोपली बांधून ती मास्तरांकडे टोमॅटो सोडी. मास्तर वर बघून विचारत, “वहिनी, भाज्या इतक्या लहान का हो? उपाशी ठेवता की काय त्यांना?” ती हसे. आत चहा पिणारे क्रेनवाले कप तसाच ठेवून उठत.

आणि एका सकाळी त्यांनी टोपली उचलली, तर पट्टी तडकलेली होती.

बायको मागे येऊन उभी राहिली. “माझाच पाय पडला असेल काल,” ती म्हणाली.

ते काचेकडे पाहत राहिले. हे खरे मानावे, असे त्यांना फार वाटले. तेवढे मानले की दुसरी पट्टी लावायची आणि कामाला निघायचे. पण काच एकाच रेषेत, नेमकी भेगेवर तडकली होती, आणि वरची टोपली शाबूत होती.

“पायाने चुरा होतो,” ते हळूच म्हणाले.

पाण्याने भरलेला तांब्या तिने जमिनीवर ठेवला.

ते खाली गेले. “मास्तर, मशीन आत घ्या.”

मास्तरांनी आभाळाकडे पाहिले. “पाऊस येतोय?”

“नाही. गॅलरी. भेग हलली आहे.”

मास्तरांचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. “कधीपासून आहे?”

“टोमॅटो बुटके झाले तेव्हापासून.”

मास्तरांनी मान वर करून गॅलरीच्या खालच्या अंगाकडे पाहिले. मग म्हणाले, “आणि मी वेड्यासारखा वहिनींना विचारत होतो, भाज्या लहान का म्हणून.” त्यांनी मशीन उचलले. क्रेनवाले हात लावायला पुढे झाले, तर मास्तरांनी मान हलवली.

त्या दिवशी क्रेनवाले कामावर गेले नाहीत. ओट्यासमोरचा रस्ता त्यांनी दोन्ही बाजूंनी खुर्च्या आडव्या लावून अडवला आणि गॅलरीत पाऊल न टाकता, उंबऱ्याच्या आत पालथे पडून एकेक डबा हाताने ओढून घेतला. बायको तो जिन्याने खाली नेई. मालकाने आणलेल्या गवंड्याने आतली सळई गंजून खपलीसारखी झालेली दाखवली. डबे नसते तरी गॅलरी गेलीच असती का, हे क्रेनवाल्यांनी त्याला दोनदा विचारले. तो म्हणाला, असे सांगता येत नाही.

गॅलरी पाडली. वरचे दार खिळे ठोकून बंद झाले. ओट्यावर आता उजेड जास्त पडतो आणि मास्तरांचे मशीन परत जागेवर आले आहे. डबे ओट्याशेजारी भिंतीलगत जमिनीवर मांडले आहेत. तिथे बायकोला हवा तर भोपळा लावता आला असता. तिने पुन्हा वीतभर टोमॅटोच लावले. ती रोज खाली बसून मास्तरांशी बोलते. मास्तर क्रेनवाल्यांशी कामापुरते बोलतात.

परवा तिने मास्तरांच्या हातावर दोन टोमॅटो ठेवले. मास्तरांनी ते घेतले, आधी मान वर करून मोकळ्या आभाळाकडे एकदा पाहिले, आणि मगच एक तोंडात टाकला. क्रेनवाले तेव्हा जिन्याच्या पायरीवर उभे होते. ते तसेच वर निघून गेले.